‘दीज काइंड ऑफ एरर्स’: एका ओळीचं पूर्ण प्रकरण

रिपोर्ट सॉफ्टवेअर टेस्टिंगचा होता, १२ पानांचा, इंग्रजीत, आणि त्यातली अडलेली ओळ अशी होती: ‘दीज काइंड ऑफ एरर्स अपिअर ओन्ली आफ्टर अ टाइमआउट.’ (टाइमआउट म्हणजे ठरलेल्या वेळेत उत्तर न आल्याने काम मध्येच तुटणं.) लिहिणारा मुलगा टीममध्ये नवीन, दोन वर्षांचा अनुभव, पण टेस्टिंगमध्ये त्याचा हात चांगला आहे, सांगतो ते नेमकं सांगतो. रिपोर्ट बाहेर जायच्या आधी त्याचे सर वाचतात. त्यांनी ‘काइंड’ला एक ‘एस’ लावला, बाजूला कमेंटमध्ये फक्त ‘ग्रामर’ असं लिहिलं, आणि ‘दीज काइंड्स ऑफ एरर्स’ अशी दुरुस्त ओळ घेऊन रिपोर्ट डेव्हलपर्सकडे गेला. व्याकरणाच्या पुस्तकाप्रमाणे बघितलं तर सरांची ओळ बिनचूक आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात सरांना व्याकरण येत नव्हतं असं अजिबात नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी डेव्हलपरचा मेसेज आला, की काइंड्स म्हणजे कुठले कुठले, आम्हाला तर एकच प्रकार दिसतोय, रेकॉर्ड दोनदा सेव्ह होण्याचा, दुसरा कुठला आहे तो कृपया स्टेप्ससकट पाठवा. तो बिचारा सकाळपासून लॉग चाळत होता. नसलेली गोष्ट शोधायला माणसाचा अर्धा दिवस गेला, आणि गेला तो एका अक्षरापायी.

मी त्या टीमची कागदपत्रं भाषेच्या अंगाने तपासते, पण हा रिपोर्ट घाईत माझ्याकडे न येताच गेला होता. मेसेज आल्यावर तो मुलगा माझ्याकडे आला. त्याचा प्रश्न वेगळाच होता. "ताई, माझी ओळ खरंच चूक होती का? कारण इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे ती माणसं कॉलवर दर आठवड्याला ‘दीज काइंड ऑफ’ म्हणतात, मी ऐकून ऐकूनच शिकलोय." थोड्या वेळाने सर पण आले, त्यांचं म्हणणं होतं की बोलण्यात लोक काहीही बोलतात, लेखी कागदात नियम म्हणजे नियम. दोघांचंही म्हणणं मी नीट ऐकून घेतलं, कारण दोघांच्याही बोलण्यात खरं होतं, फक्त ते एकाच प्रश्नाचं उत्तर देत नव्हते.

आधी नियम बघू. इंग्रजीत नामाच्या आधी येणारे बहुतेक शब्द नाम एकवचनी असो की अनेकवचनी, आपलं रूप बदलत नाहीत. ‘द’ तसाच राहतो, ‘माय’ तसाच राहतो, ‘रेड बुक’ आणि ‘रेड बुक्स’ यात ‘रेड’ला काही होत नाही. मराठीत मात्र चांगला, चांगली, चांगले, चांगल्या असं सगळं घर हलतं. इंग्रजीत हलतात ते जवळपास हे दोनच: ‘धिस’चं ‘दीज’ होतं आणि ‘दॅट’चं ‘दोज’. म्हणून तिथली चूक कानाला पटकन टोचते. ‘दीज बुक’ कोणी म्हटलं तर लगेच कळतं. आता ‘काइंड ऑफ एरर्स’ या तुकड्यात मुख्य नाम कुठलं, तर पुस्तकाप्रमाणे ‘काइंड’, आणि ‘ऑफ एरर्स’ हे त्याला मागून जोडलेलं शेपूट. मग ‘दीज’ हा ‘काइंड’ला लागणार, ‘काइंड’ एकवचनी, वचन जुळत नाही, म्हणून चूक. सरांचा हिशोब असा सरळ होता. त्यात खोट नाही.

पण मग प्रश्न पडतो की ‘दीज मॅन’ असं कोणी चुकूनही म्हणत नाही, आणि ‘दीज काइंड ऑफ मेन’ मात्र शिकलेली, वाचलेली, भाषेवर पोट असलेली माणसंही सर्रास बोलतात, असं का? निष्काळजीपणा म्हणून सोडून देता येत नाही, कारण निष्काळजीपणा असता तर तो सगळीकडे सारखा दिसला असता. इथे चूक एका ठरावीक जागीच होते: ‘काइंड ऑफ’, ‘सॉर्ट ऑफ’, ‘टाइप ऑफ’. या तीन शब्दांमध्ये काहीतरी आहे.

काय आहे ते ‘काइंड ऑफ स्लो’, ‘सॉर्ट ऑफ टायर्ड’ असं म्हणतो तेव्हा दिसतं. तिथे ‘काइंड’ हे नाम आहे असं कोणाच्या डोक्यातही येत नाही, ‘जरासा स्लो’ एवढाच अर्थ उरतो. म्हणजे ‘काइंड ऑफ’ ही जोडी बोलणाऱ्याच्या मनात एकच शब्द होऊन बसली आहे, आणि ती विशेषणासारखी पुढच्या नामाला चिकटते. मग ‘दीज काइंड ऑफ एरर्स अपिअर’ या वाक्यात बोलणाऱ्याचं मन ‘एरर्स’वर असतं. ‘दीज’ त्याला जुळतो, क्रियापद त्याला जुळतं, आणि मधला ‘काइंड ऑफ’ विशेषणासारखा न बदलता बसून राहतो. आतून बघितलं तर हे वाक्य सुसंगत आहे. क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं १९८५ सालचं जे जाडजूड इंग्रजी व्याकरण आहे, त्यातही या रचनेची दखल अनौपचारिक वापर म्हणूनच घेतली आहे.

आणि ही रचना आजकालच्या बिघडलेल्या इंग्रजीचा नमुना आहे असं कोणाला वाटत असेल तर तेही खरं नाही. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मध्ये दुसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात कॉर्नवॉलच्या तोंडी ‘दीज काइंड ऑफ नेव्ह्ज आय नो’ असं वाक्य आहे, या प्रकारचे लबाड मला ठाऊक आहेत, अशा अर्थाचं. ते नाटक १६०८ साली छापलं गेलं. म्हणजे ४०० वर्षं झाली. रचना तर त्याहून जुनी, १४व्या शतकापासूनची. जुन्या इंग्रजीत आजच्या ‘काइंड’च्या जागी जो शब्द होता तो अशा ठिकाणी षष्ठीत यायचा, म्हणजे ‘सर्व प्रकारची माणसं’ असं म्हणताना मुख्य नाम ‘माणसं’ हेच असायचं आणि ‘सर्व प्रकारची’ हे त्याचं विशेषण, अगदी आपल्या मराठीसारखं. पुढे षष्ठीचे प्रत्यय झिजले, मध्ये ‘ऑफ’ आला, आणि विशेषणाच्या जागेवरचा शब्द दिसायला मुख्य नाम झाला. पण बोलणाऱ्यांच्या मनातली जुनी बैठक काही पूर्ण मोडली नाही. ‘ऑल मॅनर ऑफ थिंग्ज’ हा वाक्प्रचार आजही शुद्ध धरतात, त्यात ‘ऑल’ आहे, ‘थिंग्ज’ आहे, आणि मध्ये ‘मॅनर’ एकवचनीच, तिथे ‘मॅनर्स’ करा म्हणून कोणी लाल शाई उचलत नाही. ‘काइंड’च्या नशिबी मात्र ती शाई आली.

हे सगळं सांगितल्यावर त्या मुलाचा चेहरा खुलला, "म्हणजे माझं बरोबर होतं." मी म्हटलं, थांब. शेक्सपिअरने वापरलं म्हणून आपल्या रिपोर्टमध्ये चालेल असं होत नाही, कारण रिपोर्ट आज वाचला जाणार आहे आणि आजच्या लेखी औपचारिक इंग्रजीत ‘दीज काइंड ऑफ’ बघून बरेच वाचक अडखळतात, काही तर लिहिणाऱ्याबद्दल मत बनवून मोकळे होतात. फाउलर यांनी १९२६ सालच्या आपल्या इंग्रजी वापराच्या कोशात याबद्दल जे म्हटलंय त्याचा आशय मला अजूनही सगळ्यात शहाणा वाटतो: छापील मजकुरात हे टाळणं सोपं आहे, आणि घाईतल्या बोलण्यात माफ करणंही जवळपास तितकंच सोपं आहे. म्हणून माझं मत असं, की कॉलवर कोणी बोललं तर अजिबात टोकू नये, तू बोललास तरी चालेल, पण लेखी कागदात नको.

इथपर्यंत सर खूश होते. पण मला खरा मुद्दा याच्या पुढे दिसत होता, आणि डेव्हलपरने विचारलेला प्रश्न तोच होता.

मी त्या मुलाला म्हटलं, हे इंग्रजी क्षणभर बाजूला ठेव आणि तुला काय म्हणायचं होतं ते मराठीत सांग. तो म्हणाला, "या प्रकारच्या चुका फक्त टाइमआउटनंतर येतात." मी विचारलं, "प्रकारच्या की प्रकारांच्या?" तो लगेच म्हणाला, "प्रकारच्या. प्रकार एकच आहे ना, रेकॉर्ड डबल सेव्ह होतंय, फक्त चार वेळा झालं."

बस, इथे प्रकरण उलगडलं. प्रकार एक, चुका चार. सरांनी लावलेला ‘एस’ म्हणजे मराठीत ‘प्रकारच्या’चं ‘प्रकारांच्या’ करणं. मधे फक्त एक काना आणि एक अनुस्वार येतो, पण सांगितलेली गोष्टच बदलते, एकाचे अनेक होतात. सरांनी व्याकरण दुरुस्त केलं आणि त्यात माहिती बदलली. मुलाच्या ओळीत वचनाची चूक होती पण अर्थ बरोबर पोचत होता, सरांच्या ओळीत वचन बरोबर होतं आणि अर्थ चुकीचा पोचला. टेस्टिंगच्या रिपोर्टमध्ये यातली दुसरी चूक जास्त महाग आहे, असं मला ठामपणे वाटतं, आणि ते मी सरांना तसंच सांगितलं.

सर थोडे गप्प झाले, मग म्हणाले की मी तर फक्त सॉफ्टवेअरने सुचवलं ते घेतलं. ते खरं होतं. लिहिण्याच्या प्रोग्रॅमने त्या दोन शब्दांखाली रेघ मारली होती आणि दोन पर्याय दिले होते, ‘दीज काइंड्स’ आणि ‘धिस काइंड’, सरांनी वरचा घेतला. प्रोग्रॅमला वचन जुळत नाही एवढं कळतं, प्रकार एक आहे की चार हे त्याला कुठून कळणार, ते फक्त ज्याने टेस्ट चालवली त्यालाच माहीत. म्हणून अशी रेघ आली की आधी लिहिणाऱ्याला विचारायचं, मग क्लिक करायचं.

आता हा ‘या प्रकारच्या चुका’चा तुकडा जरा जवळून बघण्यासारखा आहे, कारण मराठी माणूस ‘दीज काइंड ऑफ’ इतक्या सहज का लिहितो ते त्यात सापडतं. ‘या चुका’ असं आपण म्हणतोच, तिथे ‘या’ हा चुकांचाच, अनेकवचनी. आणि ‘या प्रकारच्या चुका’ यातला ‘या’ दिसायला तोच, पण तो चुकांचा नाही, तो ‘प्रकार’चा आहे, ‘हा प्रकार’ याचं सामान्यरूप. हे पटत नसेल तर ‘चुका’च्या जागी ‘दोष’ घालून बघा. ‘हे दोष’ म्हणतो, पण ‘हे प्रकारचे दोष’ म्हणत नाही, ‘या प्रकारचे दोष’च म्हणतो. म्हणजे आपली भाषा या बाबतीत एकदम कडक आहे, दर्शक शब्द प्रकाराला लागतो, पुढच्या नामाला नाही. पण स्त्रीलिंगी अनेकवचन समोर असलं की ‘या’ आणि ‘या’ सारखेच दिसतात, सामान्यरूपात तर एकवचन अनेकवचन दोन्हीला ‘या’च, आणि मनात ‘या म्हणजे दीज’ असं घट्ट बसलेलं असतं. त्यात ‘प्रकार’ हा शब्द स्वतः एकवचनात ‘हा प्रकार’ आणि अनेकवचनात ‘हे प्रकार’, शब्दाला काही लागत नाही, म्हणून ‘काइंड’ला ‘एस’ लावायची सवयही होत नाही. दोन्ही मिळून ‘दीज काइंड ऑफ’ तयार होतं. इंग्रज माणूस आपल्या वाटेने तिथे पोचतो, आपण आपल्या वाटेने. मला हे फार सुंदर वाटतं, दोन भाषांतून येणाऱ्या दोन अगदी वेगळ्या पायवाटा एकाच ठिकाणी मिळतात.

पण आपल्याकडे औषधही आहे, तेच ‘च्या’ की ‘ांच्या’. ज्याला मराठी येतं त्याने ओळ मनात मराठीत म्हणावी आणि ‘प्रकारच्या’ येतंय की ‘प्रकारांच्या’ ते ऐकावं. ‘प्रकारच्या’ आलं तर ‘काइंड’ एकवचनी, मग ‘दीज’ लावायचाच नाही. ‘प्रकारांच्या’ आलं तर ‘दीज काइंड्स’ बिनधास्त लिहावं.

मग ओळ काय लिहायची? आमच्यासमोर चार पर्याय होते. ‘धिस काइंड ऑफ एरर अपिअर्स’ हे शुद्ध आहे, सगळं एकवचनी, पण त्या मुलाला चार वेळा झालेलं सांगायचं होतं आणि इथे ते चार वेळा झालं हे कळत नाही. ‘धिस काइंड ऑफ एरर्स’ असंही लोक लिहितात, पण मग क्रियापद ‘अपिअर्स’ करायचं की ‘अपिअर’ यावर लिहिणारा अडतो आणि वाचणाराही, म्हणून मी ते औपचारिक कागदात घेत नाही. ‘सच एरर्स अपिअर’ सुटसुटीत आहे, पण ‘सच’ म्हणजे ‘अशा’, त्यात थोडी सैल जागा राहते, यासारख्या इतरही असतील असं वाटू शकतं. आणि चौथा, ‘एरर्स ऑफ धिस काइंड अपिअर ओन्ली आफ्टर अ टाइमआउट’. यात ‘एरर्स’ पुढे आलं, तेच मुख्य नाम झालं, क्रियापद त्याला जुळलं, ‘धिस’ला त्याचा एकवचनी ‘काइंड’ मिळाला, प्रकार एकच राहिला आणि चुका अनेक राहिल्या. कोणाचं काही हिरावलं गेलं नाही. आम्ही तेच घेतलं, आणि खाली डेव्हलपरसाठी एक ओळ जोडली की आधीच्या प्रतीत ‘काइंड्स’ होतं ते चुकून होतं, प्रकार एकच आहे.

प्रकरण इथेच संपलं असतं, पण आता रिपोर्ट हातात होता तर मी पूर्ण वाचला, आणि ‘दीज’ ‘दोज’ची अजून बरीच मंडळी त्यात बसलेली दिसली. सगळ्यांना एकच कायदा लावता येत नाही हे त्यातून त्या मुलाला दाखवता आलं, म्हणून त्यातली काही इथे सांगते.

सगळ्यात जास्त वेळा आलेलं होतं ‘दीज बोथ मॉड्यूल्स’. तीन वेळा. हे चूक, आणि यात बोलण्यात चालतं वगैरे सवलत नाही, इंग्रजी मातृभाषा असलेला माणूस असं म्हणणार नाही. हे सरळ ‘ही दोन्ही मॉड्यूल्स’ वरून उचललेलं आहे. मराठीत ‘ही’ आधी आणि ‘दोन्ही’ नंतर, इंग्रजीत ‘बोथ’ आधी: ‘बोथ दीज मॉड्यूल्स’ किंवा ‘बोथ ऑफ दीज मॉड्यूल्स’, नाहीतर मग साधं ‘दीज टू मॉड्यूल्स’. ‘ऑल’चंही तसंच, ‘या सगळ्या फाइल्स’ म्हणून ‘दीज ऑल फाइल्स’ लिहिलं जातं, पाहिजे ‘ऑल दीज फाइल्स’. गंमत अशी की ‘टू’ मात्र ‘दीज’च्या मागे आनंदाने बसतो आणि ‘बोथ’ बसत नाही, अर्थ दोघांचा जवळपास एकच असून. आणि ‘दीज आर बोथ स्लो’ यात ‘बोथ’ मागे आलेला चालतो, कारण तिथे ‘दीज’ सर्वनाम म्हणून एकटा उभा आहे, त्याच्या पुढे नाम नाही. सर म्हणाले हे त्यांनी कधी वेगळं काढून बघितलं नव्हतं, बरोबर लिहायचे पण का ते माहीत नव्हतं.

दुसरं ‘दीज वन्स फेल्ड’. यावर सरांनी काट मारली होती. मी म्हटलं ही व्याकरणाची चूक नाही, ‘वन्स’ हे ‘वन’चं रीतसर अनेकवचन आहे, ‘दीज न्यू वन्स’ म्हटलं तर कोणी हरकत घेत नाही, मध्ये विशेषण नसलं की काही शैलीवाले नाक मुरडतात आणि म्हणतात नुसतं ‘दीज’ पुरे. रिपोर्टसाठी नुसतं ‘दीज’ बरं, मान्य. पण समोर दहा गोष्टी असतील आणि त्यातल्या ह्या ह्या असं बोट ठेवून निवडायचं असेल तर ‘दीज वन्स’ला काम असतं. काट राहू दे, फक्त ‘ग्रामर’ नको लिहायला, ‘शॉर्ट करा’ लिहा. ज्याला सांगतो त्याला नक्की काय चुकलं हे नीट कळलं पाहिजे, नाहीतर तो चुकीचा नियम शिकून पुढे दहा ठिकाणी लावतो.

तिसऱ्या ठिकाणी सरांनीच चूक केली होती. मुलाने लिहिलेलं ‘दीज टेस्ट सिरीज’, सरांनी ‘दीज’चं ‘धिस’ केलं. आता ‘सिरीज’ हा शब्द एकवचनात आणि अनेकवचनात सारखाच असतो, आपल्या ‘प्रकार’सारखा, आणि टेस्ट सिरीज खरोखर तीन होत्या, वर टेबलात तिन्ही दिल्या होत्या. म्हणजे ‘दीज’ बरोबर होतं. उलट अशा ठिकाणी ‘दीज’ हा एकच शब्द वाचकाला सांगतो की एकाहून जास्त आहेत, तो काढला की ती माहिती गेली. परत तोच प्रश्न, किती आहेत ते बघितल्याशिवाय हात लावायचा नाही.

‘दीज सॉफ्टवेअर्स’, ‘दीज फीडबॅक्स’, ‘दीज इन्फर्मेशन्स’ यावर फार बोलण्यासारखं काही नाही, ही नामं मोजायची नाहीत, ‘एस’ पण नाही आणि ‘दीज’ पण नाही, ‘धिस फीडबॅक’ म्हणून मोकळं व्हावं. ‘वन ऑफ दीज रीजन’ला ‘रीजन्स’ करायचं, हेही लगेच. ‘दीज डेटा’ला मात्र चूक म्हणता येत नाही, ‘डेटा’ हे लॅटिन ‘डेटम’चं अनेकवचन, शास्त्रीय लेखनात ‘दीज डेटा आर’ आवर्जून लिहितात, आणि रोजच्या इंग्रजीत ‘धिस डेटा इज’ तितकंच रुळलेलं आहे. रिपोर्टमध्ये एका पानावर एक आणि दुसऱ्या पानावर दुसरं होतं, फक्त ते एकसारखं केलं, बाकी जागी ‘डेटा इज’ होतं म्हणून ‘धिस डेटा’.

आणि एक ओळ अशी होती जिच्यावर आम्ही तिघं सगळ्यात जास्त वेळ बसलो. सर्व्हर १५ मिनिटं बंद होता, आणि त्या मुलाने लिहिलेलं, ‘दॅट १५ मिनिट्स वॉज नॉट लॉग्ड’. सर म्हणाले हे तर उघड चूक आहे, ‘मिनिट्स’ अनेकवचनी, ‘दोज’ पाहिजे. मी म्हटलं, ‘दोज १५ मिनिट्स वेअर’ हेही बरोबर आहे, पण मुलाचंही बरोबर आहे. वेळ, अंतर, रक्कम असं माप इंग्रजीत एक अख्खा तुकडा धरता येतं, मग रूप अनेकवचनी असूनही ‘दॅट’ आणि ‘वॉज’ चालतं, ‘दॅट टेन मिनिट्स वॉज वेस्टेड’ हे शुद्ध इंग्रजी आहे. मिनिटं सुटी सुटी मोजायची असतील तर ‘दोज’, सलग एक खंड म्हणायचा असेल तर ‘दॅट’. मी ही ओळ मुद्दाम धरून ठेवली, कारण सरांचा नियम, की दर्शक शब्द शेजारच्या नामाच्या रूपाला जुळलाच पाहिजे, तो इथे स्वतः इंग्रजीच सोडते आणि अर्थाला जुळवून घेते. म्हणजे ‘दीज काइंड ऑफ एरर्स’ म्हणणारा बोलताना जे करतो, रूपापेक्षा अर्थाकडे बघतो, ते या भाषेत काही परकं नाही. फरक इतकाच, की मापाच्या बाबतीत लेखी भाषेने ते मान्य केलं आणि ‘काइंड’च्या बाबतीत अजून केलं नाही. हे असं का, याला तर्काने उत्तर मिळत नाही, वापराने ठरलं. ओळ आम्ही ‘दॅट’चीच ठेवली, सर्व्हर एकदाच आणि सलग बंद होता म्हणून.

मध्येच त्या मुलाने विचारलं की ‘दोज’ हा ‘दॅट’चा अनेकवचनी कसा झाला, आवाज तर जुळत नाही. बरोबर विचारलं त्याने. जुन्या इंग्रजीत ज्या रूपापासून ‘दोज’ आला ते मुळात ‘धिस’चं अनेकवचन होतं. ‘दॅट’चं अनेकवचन वेगळंच होतं, ते मागे पडलं, ‘धिस’साठी नवीन ‘दीज’ तयार झालं आणि रिकामी जागा जुन्या ‘दोज’ने घेतली. जे एकेकाळी ‘हे’ होतं ते आज ‘ते’ आहे. सरांना हे ऐकून फार आश्चर्य वाटलं, त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

दुरुस्त रिपोर्ट संध्याकाळी गेला. डेव्हलपरने फक्त ‘ओके, वन काइंड, क्लिअर’ असं कळवलं आणि दुसऱ्या दिवशी फिक्स आला.

त्यानंतर एकच बाब उरली, ती अजून आमच्यात पूर्ण मिटलेली नाही. रिपोर्टच्या शेवटी मीटिंगची नोंद जोडलेली असते, त्यात क्लायंटकडच्या माणसाचं वाक्य अवतरण चिन्हांत होतं, त्यात तो ‘दोज काइंड ऑफ रिक्वेस्ट्स’ असं म्हणाला होता. सरांचं म्हणणं कागद आपल्या नावाने जातो, तर आतलं इंग्रजी नीट करून टाकू. माझं म्हणणं की अवतरण चिन्हांतलं बोलणं त्या माणसाचं आहे, तो बोलताना तसंच बोलला, त्याच्या तोंडी ‘एस’ घालायचा हक्क आपल्याला नाही, आणि त्याला एक प्रकार म्हणायचा होता की अनेक, हे आपल्याला माहीतही नाही. त्याला विचारून घेऊ असं मुलाने सुचवलं. सध्या ते वाक्य तो बोलला तसंच आहे, आणि पुढच्या कॉलच्या अजेंड्यात शेवटी एक ओळ आहे: रिक्वेस्ट्सचे प्रकार किती, एक की जास्त, विचारणे.